अकरा कोऱ्या कॅसेट

शनिवार, १९ सप्टेंबर १९८७. हे पान आधी वाच.

थांब, ग्रॅहॅम. तोंड उघडू नकोस. कपाटाची चावी टेबलावर का पडलीय आणि माझी खुर्ची रिकामी का, ते मग. आणि या वहीतलं मधलंच एखादं पान काढून मला शिव्या द्यायच्या नाहीत. शिव्या द्यायला माझी हरकत नाही, पण क्रमानं. तू सारखं म्हणतोस ना, देस्पिना कधी काही सांगत नाही? हे घे, सांगितलं. बेव्हला चष्मा लागतो, तिला मोठ्यानं वाचून दाखव. ती मध्ये रडली तरी थांबू नकोस.

शनिवार, ७ मार्च

आज नऊ जण. दोन नवीन आले होते, ते चहा पिऊन पळाले. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पडदे ओढून माणसं जपानी कार्टून बघतात आणि त्यात लहान मूल एकही नाही, हे बघितल्यावर अ‍ॅडलेडचा माणूस पळतोच.

'दीपगृह'चे तेहेतीस ते छत्तीस भाग लावले. लॉइडनं पाठवलेली नववी कॅसेट. तो होनोलुलुत राहतो. तिथल्या एका चॅनलनं सहा वर्षांपूर्वी ही मालिका खाली इंग्रजी अक्षरं टाकून दाखवली होती, एकदाच. यानं ती बसून टिपली. आमच्याकडे येते ती त्याच्या कॅसेटची कॉपी, म्हणजे दुसरी पिढी. सिडनीवाल्यांकडे पाचव्या पिढीची आहे, तिच्यात माणसांचे चेहरे उकडलेल्या अंड्यासारखे दिसतात. ते आम्हाला पत्रं लिहून लिहून विनवतात. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

मालिकेतली तोमे अजून दिव्यापाशी उभीच आहे. भावाचं जहाज आलेलं नाही. आठ भाग राहिले.

बेव्ह विणत विणत म्हणाली, "येतो की नाही गं तिचा भाऊ? मला एकोणसत्तर पूर्ण झाली, देस्पिना. लॉइडला सांग, म्हातारीवर दया कर."

"लॉइडला माहितीय, पण तो सांगत नाही. बघूनच कळायला पाहिजे म्हणतो."

"चावट आहे."

"आहेच."

सोमवारी दोन कोऱ्या कॅसेट पोस्टात टाकते. दोन कॅसेट, आठ भाग, संपलं.

मंगळवार, २४ मार्च

लॉइडचं पत्र. नववी कॅसेट कस्टमनं तीन आठवडे अडकवून ठेवली होती हे मी त्याला कळवलं, त्यावर हसलाय. मला नाही हसू आलं. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, यात काय आहे. म्हटलं, कार्टून. मुलांचं? म्हटलं, नाही. 'हो' म्हणायला पाहिजे होतं. त्यानं मग वहीच उघडली. कसलं कार्टून, कुठल्या भाषेत, विकणार का, कुणी कुणी पाहिलंय. शेवटी म्हणाला, "बाई, कोरी असती तर आज घेऊन गेला असता."

म्हणून आज लॉइडला कडक सूचना लिहिल्या. पार्सलमध्ये चिठ्ठी घालायची नाही, पत्र वेगळं पाठवायचं. कॅसेटवर नाव लिहायचं नाही, लेबल असेल तर सोलून काढायचं. आणि कडेची प्लास्टिकची पट्टी तोडायची नाही. पट्टी तोडली की तिच्यावर परत काही भरता येत नाही, म्हणजे आत काहीतरी आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाहेर लिहायचं: कोऱ्या कॅसेट, वापरलेल्या, किंमत नाही.

त्यानं पत्रासोबत वाळवलेले खारट आलुबुखार पाठवलेत. लिहितो, "तूच खा, मला मीठ बंद केलंय." मी पाठवलेली व्हेजिमाइटची, पावाला लावायच्या खारट लेपाची, बाटलीही बहिणीनं संपवली म्हणे.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मीठ बंद म्हणजे मूत्रपिंड. तुझ्या स्टाव्ह्रोस काकाचं असंच सुरू झालं." आईला सगळ्यात आजार दिसतो. मागच्या आठवड्यात पोस्टमनला कावीळ झालीय म्हणाली.

शनिवार, २ मे

काही नाही आलं. जुनी नववीच परत लावली. सहा जण. बेव्हचा मफलर विणून संपला, तिनं दुसरा सुरू केला.

मंगळवार, २६ मे

पत्र आलं, कॅसेट नाही. दीड पान, तेही पेन्सिलनं. अक्षर उतारावरून घसरल्यासारखं खाली खाली गेलंय. बसमध्ये बसून लिहिलं असणार. मी त्याला चार-चार पानं टाइप करते.

तो बहिणीकडे राहायला गेलाय. जॅनिसच्या घरासमोर रस्ता ओलांडला की हॉस्पिटल, त्यामुळे सोयीचं पडतं म्हणतो. गाड्यांच्या भोंग्यांनी झोपमोड कसली सोयीची? विमानतळाची नोकरीही सोडली. दोन मशीन जोडून कॉपी करायची तर कॅसेट संपेस्तोवर जागं राहावं लागतं, आणि 'हल्ली माझा मध्येच डोळा लागतो'.

बत्तीस वर्षांचा घोडा, काम नाही धंदा नाही, आणि याचा डोळा लागतो.

शेवटी विचारलंय, "तुझ्याकडे मोठं कपाट आहे का? कोरडं? ऊन न येणारं?" हा काय प्रश्न झाला. घर लावतोय वाटतं.

शनिवार, १३ जून

ग्रॅहॅम आज सगळ्यांसमोर बोलला. हॉलच्या हीटरशेजारी उभा राहून, खिशात हात घालून, अध्यक्षासारखा. आहेच म्हणा.

"देस्पिना, तुझा तो हवाईचा माणूस खरा आहे ना? की तूच लिहितेस त्याची पत्रं?"

"हो, आणि हवाईची तिकिटं पण मीच छापते."

"नाही, म्हणजे तीन महिने झाले. सिडनीवाले विचारतात, मी काय सांगू? आमच्या बाईंचा मित्र झोपलाय?"

सगळे हसले. मी पण हसले. घरी येऊन भांडी आपटली.

आई म्हणाली, "ज्याचं तोंड पाहिलं नाहीस त्याच्याशी एवढं भांडतात का? एवढं नवऱ्याशी भांडावं, निदान समोर असतो."

"आधी आणून तर दे."

"आणला होता. तू त्याला कार्टून दाखवलंस."

शुक्रवार, ३ जुलै

लिहून टाकलं. परत वाचलंसुद्धा नाही, शाळेतलं काम संपवून येताना पेटीत टाकलं.

काय लिहिलं ते इथे उतरवते, उद्या मलाच खोटं वाटायला नको: "लॉइड, चार महिने झाले. तुला होत नसेल तर होत नाही म्हण. इथे नऊ माणसं तुझ्यावर अवलंबून आहेत आणि तू झोपा काढतोस. एक म्हातारी शेवट बघायला थांबलीय, ती काय कायमची राहणार आहे का? नको करूस. माझ्या दोन कोऱ्या कॅसेट परत पाठव, दुसरा कुणीतरी बघते."

दुसरा कुणी नाही. ते त्यालाही माहितीय.

शुक्रवार, २४ जुलै

कस्टमकडून पार्सल सोडवलं. तोच माणूस. बाहेरचं वाचलं, 'कोऱ्या कॅसेट, वापरलेल्या, किंमत नाही', शिक्का मारला, सही घेतली, विषय संपला. माझ्या सूचना किती चोख होत्या बघ.

घरी येऊन खोकं उघडलं. अकरा कॅसेट.

मी दोन मागितल्या होत्या. माझ्या दोन नव्याकोऱ्या, चांगल्या. यानं त्या ठेवून घेतल्या आणि अकरा जुन्या पाठवल्या. घासलेल्या, कोपरे पिवळे पडलेले, एकीवर कॉफीचा डाग. लेबलं सोलून काढलीत, गोंदाचे चट्टे तसेच. पट्ट्या शाबूत. आत चिठ्ठीचा एक कपटा नाही. भिकाऱ्याच्या अंगावर जुने कपडे टाकावेत तसं. घे म्हणे, कॅसेट कॅसेट ओरडतेस ना, घे अकरा.

आई म्हणाली, "माणसानं किती नीट बांधलंय गं. प्रत्येकीला वेगळा कागद." मी म्हटलं, तुला कागदाचं पडलंय.

शनिवार, २५ जुलै

आज आमचं अमेरिकन व्हिडिओ-मशीन दुरुस्तीला दिलं, त्याचं टेप वाचणारं हेड गेलंय. पुढच्या शनिवारी मिळेल. अमेरिकन कॅसेट आमच्या इथल्या मशीनवर लावली तर नुसते करडे पट्टे सरकतात, त्यामुळे आज काहीच दाखवलं नाही. पत्ते खेळलो.

लॉइडनं काय पाठवलं ते सांगितलं. बेव्हनं सुया पिशवीत टाकल्या. ग्रॅहॅमनं विचारलं, "अकराच का पण?"

"कपाट रिकामं केलं असेल."

"मशीन आलं की लावून तर बघू."

"काय बघायचंय? लेबल नाही, पट्टी शाबूत. कोरी म्हणजे कोरी. ही आपलीच पद्धत आहे ना?"

"हो, ते आहे," ग्रॅहॅम म्हणाला. "मग वाया कशाला घालवायच्या? सिडनीवाल्यांकडून ती नवी मालिका भरून घेऊ. पण पुसून घे, जुन्यावर जुनं नको."

हे मी आज, १९ सप्टेंबरला, मुद्दाम गिरवून ठेवतेय, ग्रॅहॅम. तुझ्यावर ढकलत नाहीये. मीच मान हलवली.

मंगळवार, २८ जुलै

शाळेत मधल्या सुट्टीत पुसल्या. टीव्ही-प्रोजेक्टरच्या खोलीत कॅसेट पुसायचं चुंबक आहे, इस्त्रीएवढं. बटण दाबलं की गुणगुणतं. कॅसेटवरून गोल गोल फिरवायचं, उलटवायची, परत फिरवायचं, मग हळूहळू लांब न्यायचं. एकीला अर्धं मिनिट. अकरा कॅसेट, सँडविच खाऊन उरलेल्या वेळात झाल्या. हात मोकळा झाल्यासारखा वाटला. खरंच वाटला.

सोमवार, ३ ऑगस्ट

पत्र. १४ जुलैला लिहिलेलं, पोस्टात पडलं दहा दिवसांनी. अक्षर बायकी, जॅनिसचं. त्यानं सांगितलंय, तिनं लिहिलंय.

"देस्पिना, तुझं रागाचं पत्र मिळालं. बरोबर आहे तुझं. कॉपी करायला आता बसवत नाही, म्हणून तुला मूळच्याच पाठवतोय, सगळ्या. पहिलीपासून अकरावीपर्यंत. मला आता हा संच ठेवून काय करायचंय? तुझ्याकडे कपाट आहे की नाही ते तू कळवलं नाहीस, पण असेल असं धरतो. तू सांगितलंस तसंच केलंय: लेबलं काढली, पट्ट्या ठेवल्या, चिठ्ठी घातली नाही. लेबलं सोलायला दोन दिवस लागले, जॅनिस वैतागली. मिळाल्या मिळाल्या पट्ट्या तोडून टाक, तुझ्या धांदरटपणाचा भरवसा नाही. दहावी आणि अकरावी सगळ्यांसोबत बघ. अकरावीच्या शेवटी वीस मिनिटं उरली होती, तिथे मी आहे. शेजाऱ्याचा कॅमेरा आणला होता. चार वर्षं पत्रं लिहितोय, म्हटलं एकदा तोंड दाखवावं. चेहरा बघून घाबरू नकोस. म्हातारीला सांग, दया केली. बघितलं की कळव. लवकर कळव."

नऊ आणि दोन अकरा. पहिलीतल्या मुलाला येतं.

मंगळवार, ४ ऑगस्ट

शाळेत गेले नाही.

गुरुवार, ६ ऑगस्ट

दुरुस्त झालेलं मशीन माझ्याकडेच होतं. अकरावी कॅसेट लावली. पांढरे-काळे ठिपके. दोन तास. सगळे बघितले. मध्येमध्ये काहीतरी हलल्यासारखं वाटलं, पण ते कशातही वाटतं.

आई दारात येऊन उभी राहिली. "हे काय बघतेस?"

"शेवट."

माझ्याशेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "बर्फ पडतंय का?"

रविवार, ९ ऑगस्ट

फोन केला. आमचे सकाळचे दहा, तिकडे शनिवारची दुपार. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. खरं सांगायचं असंच ठरवलं होतं. ते कुठल्या वाक्यापासून मोडलं ते कळावं म्हणून सगळं लिहिते.

जॅनिसनं उचलला. "थांबा, देते. फार बोलायला लावू नका."

मग तो. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक. "तू? खरंच तू?"

"मीच."

"मिळालं?"

"मिळालं."

"पाहिलंस?"

इथे. इथे म्हणायचं होतं.

"पाहिलं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं. सगळ्यांनी मिळून. बेव्ह रडली."

"मला वाटलंच होतं ती रडणार." तो हसला, मग खोकला. मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं, पंखा असेल. "आणि शेवटी? मी?"

"तेही पाहिलं."

"मग?"

काहीतरी बोलायला हवं होतं. हवाईतला माणूस, ऊन, समुद्र. म्हटलं, "टोपी शोभते तुला."

  लाइन तुटली असं वाटलं.

"बरं," तो म्हणाला. "तिकडे हिवाळा ना? थंडी आहे?"

"आहे."

"जप हं. आणि वाईट वाटून घेऊ नकोस."

कशाचं वाईट, ते मी विचारलं नाही. दमला असेल. पण खूश झाला. आवाजावरून कळत होतं. एका माणसाला समाधान दिलं, एवढं तरी केलं मी.

शनिवार, १५ ऑगस्ट

हॉलमध्ये कुणालाच काही सांगितलं नाही. ग्रॅहॅमनं विचारलं, पुसल्या? म्हटलं, पुसल्या. म्हणाला, छान, खोकं इकडे दे, सिडनीला पाठवू. म्हटलं, घरी राहिलं. दर शनिवारी घरीच राहील आता.

बेव्हचा हात सुजलाय. एका हातानं विणता येत नाही म्हणून नुसती लोकर मांडीवर घेऊन बसली होती.

शनिवार, ५ सप्टेंबर

पाच जण. लॉइडला तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. तिसऱ्यात मी मालिकेचा शेवट आवडला असं लिहिलं होतं. कुठला शेवट?

बुधवार, १६ सप्टेंबर

जॅनिसचं पत्र. आहे तसं उतरवते. याच्यावर मला काही लिहिता येणार नाही.

"मिस देस्पिना, लॉइड २१ ऑगस्टला गेला. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर असायचा, शेवटी तेही झेपेना. तुम्हाला माहीत असेलच, तो तुम्हाला सगळं लिहायचा.

तुमचा फोन आला त्या दिवशी फोन ठेवल्यावर तो मला म्हणाला, 'पार्सल पोचलंच नाही तिला. मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलली, किती चांगली पोरगी आहे.' त्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. केस गेले होते ते तुम्हाला दिसू देत म्हणून मुद्दाम काढून ठेवली होती. मग रोज माझ्या मागे लागला, पोस्टात जा, चौकशी कर, तिचा शेवट बघायचा राहील. शेवटच्या आठवड्यातसुद्धा तेच. मी गेले, अर्ज भरला.

त्याचं उत्तर आता आलंय. पार्सल २४ जुलैला पोचलं, सही तुमची. म्हणजे कॅसेट तुमच्याकडे आहेत. मग माझ्या भावाचा गैरसमज झाला म्हणायचा. मला तुम्हाला दोष द्यायचा नाही. फक्त एक मागते. अकरावीच्या शेवटची वीस मिनिटं तेवढी मला कॉपी करून पाठवाल का? तो बोलतोय असं आमच्याकडे दुसरं काहीच नाही. आई रोज विचारते."

शनिवार, १९ सप्टेंबर

आता तू इथवर आलास, ग्रॅहॅम. आता बोल म्हटलं तर काय बोलशील? 'तू एकटी नव्हतीस, मी पण म्हणालो पुसून घे.' म्हणशील, मला माहितीय, तू तेवढा वाईट नाहीस. म्हणूनच ऐकायला थांबत नाही.

सिडनीवाल्यांना काय कळवायचं ते तू बघ. 'दीपगृह' आता जगात त्यांच्या पाचव्या पिढीत आणि आपल्या दुसऱ्या पिढीत उरलंय, तेही छत्तिसाव्या भागापर्यंत. जपानात पूर्ण असेल. तिकडे ओळखीचं कोण आहे आपलं?

बेव्ह, तोमेचा भाऊ येतो की नाही ते मला माहीत नाही. ज्याला माहीत होतं तो फोनवर होता, विचारायची एकच संधी होती, आणि मी त्याच्या टोपीचं कौतुक केलं.

जॅनिसला अजून उत्तर लिहिलेलं नाही. पत्ता पाठीमागच्या पानावर आहे. तुमच्यापैकी कुणाला धीर झाला तर लिहा. मी चार दिवस कागद घेऊन बसले. 'प्रिय जॅनिस' पर्यंत झालंय. ते पान मी फाडलं नाही, वहीत आहे.

अकराही कॅसेट इथे हॉलच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवल्यात. कोरडं आहे, ऊन येत नाही. प्रत्येकीला त्याचाच कागद गुंडाळलाय. दहा तुम्ही हव्या तशा भरा, मला काही वाटणार नाही. अकरावीला हात लावू नका. तिची पट्टी मी आज तोडलीय. तो म्हणाला होता तशी. आता तिच्यावर कुणाला काही भरता येणार नाही.

दोनला दहा कमी. फाटकापाशी तुझ्या गाडीचं दार वाजलं. बेव्ह हसतेय, काहीतरी सांगतेय तुला. मी मागच्या दारानं जाते.